भाचीने मोजलेला रस्ता

...नाही, मला सांगा, आठ दिवस माझ्या दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायचं, आणि मोजायचं काय? तर माणसं! आणि बसणारी कोण? माझी सख्खी भाची! नगररचना खात्यात आहे. तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान, तीस वर्षांचं, आणि ही म्हणते कशी, "मामा, तुमच्या दारातलं पार्किंग जाणार. रुंद पदपथ, झाडं, पाण्याचा निचरा, बसथांबा, सगळं एकत्र आखलंय, शाश्वत विकास म्हणतात याला." अगं, पण माझं गिऱ्हाईक गाडीने येतं! पार्किंग गेलं की दुकानाला टाळंच! तर शांतपणे, "मोजल्याशिवाय बोलायचं नाही, मामा."

बसली मोजत! ऊन काय, धूळ काय... कोण चालत आलं, कोण बसने, वहीत रेघांवर रेघा! एक आजोबा येताना चारदा थांबले, तेही लिहिलं! म्हटलं, अगं, त्यांना दम लागतो! "म्हणूनच बाक हवा ना." आता बोला!

आठव्या दिवशी वही पुढ्यात. शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं चालत नाहीतर बसने, उरलेली रिक्षाने! साफ खोटं! मग दारात रोज गाडी दिसते ती कुणाची? पोरीने पान उलटलं. "सकाळी नऊ ते रात्री आठ, एकच गाडी. निळी. मामा... तुमचीच."

अहो, लोकांना चष्मे देणारा मी! तोंडघशी पडलो की हो!

झाला रस्ता. वर्षाने ही पुन्हा हजर! आता काय मोजतेस बाई, झालं ना सगळं? "झालं, पण बरं झालं की वाईट, ते मोजल्याशिवाय बोलायचं नाही!" आणि लाल शाईने लिहिलं काय, तर 'थांब्याची पाटी झाडामागे गेली, चूक माझी.' खरं सांगतो, ऊर भरून आला. स्वतःची चूक शोधायला उन्हात बसणारी माणसं किती असतात हो?

आणि दुकान? गिऱ्हाईक दीडपट! बाकावर टेकतात, काचेतून बघतात, उठून आत येतात... मला श्वास घ्यायला फुरसत नाही! शेवटी म्हटलं, अगं, तुझ्या त्या शाश्वत विकासाने मामाचे पाय मोडले, त्याचं काय? तर लगेच पेन उघडून, "रोज किती तास उभे असता, मामा?"

म्हटलं, अकरा... लिही बाई, लिही!