उष्ट्या हळदीची वाटी

आमचं घर मेंढरावालं. मांजरसुंब्याच्या वरल्या अंगाला डोंगराला लागून आमची वस्ती, अन् शेजारीच सोजरचं घर. काय सांगू तुमाला, दोघींची मेंढरं एकाच वाड्यात, दोघींची भाकर एकाच फडक्यात, माझ्या डोस्क्यातल्या उवा तिनं काढायच्या अन् तिच्या मी.

माझ्या आत्याचा पोरगा बिभीषण. मी पाळण्यात होते तवाच आत्या म्हणलेली, ही माझी सून. आमच्यात आत्याच्या घरी पोरगी द्यायचीच, त्यात पोरीला कोण विचारतंय? अन् मला तरी कावून नको असावा? लई आवडायचा मला, आता ह्या वयात काय लाजायचं. पर त्याचा जीव जडला सोजरवर, अन् तिचा त्याच्यावर, अन् मला सांगितलं कुणी तर सोजरनंच, गळ्यात पडून, कौशे तूच न्हाई म्हण, न्हाईतर मी हिरीत उडी टाकीन. म्हणले मी न्हाई. बापाम्होरं उभी राहून म्हणले, मला नको त्यो. बापानं काठी मोडली माझ्या पाठीवर, तरी सोजरचं नाव घेतलं न्हाई मी.

मग त्यांचं ठरलं. बिभीषणला बहीण न्हाई, आत्या म्हणली हळद तू ने. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लागती ना, ती. निघताना आत्याच्या जावेनं मस्करीत एक बोट माझ्या गालाला पुसलं. धुतलं मी, पर हळद अशी लगेच जाती व्हय? आत्याच्या गावापसून सोजरच्या दारापतुर जीपमधी सगळी वाट वाटी मांडीवर धरून आणली.

सोजर पाटावर बसलेली. तिच्या मावशीनं माझा गाल बघितला अन् वराडली, अगं बया, हिनंच आधी लावून घेतली की! हिच्या मनात त्योच हाय अजून, फेका ती, दुसरी आणा. मी सोजरकडं बघितलं. कौशीनं माझ्यासाठी सोडला त्याला, एवढंच बोलायचं होतं तिनं. बोलली का? न्हाई. मान खाली घालून बांगड्या फिरवीत बसली, अन् माझ्या डोळ्यादेखत हळद उकिरड्यावर गेली. तवापसून मी हळदचोर. मला नातवंडं झाली, तरी कुणाच्या हळदीला गेले की बाया माझ्यापसून ताट लांब सरकवत्यात. लिव्हा हे, समदं लिव्हा.

परवा आली सोजर, धाकट्या पोराची पत्रिका घेऊन. मोबाईलवर सून दाखवली, अन् म्हणती, कौशे, आमच्या पोराला बी बहीण न्हाई, उष्टी हळद तूच ने. मी म्हणलं नेते, पर आधी बायांम्होरं खरं सांग. तर म्हणती, आता कशाला जुनं उकरायचं, लोक काय म्हणतील आमच्या ह्यांना. बघा! अजून बी ह्यांनाच लोक काय म्हणतील, अन् माझी पाठ कुणाला दिसली न्हाई. चहा पिली अन् गेली उठून.

तुमाला म्हणून सांगते, त्या दिशी जीपमधी एकदा बोट वाटीपस्तोर गेलतं माझं. मागं घेतलं. तिच्यासाठीच घेतलं.

पोरगा गुणाचा हाय तिचा, खंडोबा त्याचं चांगलं करो. लग्नाला जाईन, अक्षदा टाकीन, जेवीन. वाटीला हात लावायची न्हाई.