आमच्या सिनेमातला सूत्रधार

...आणि म्हणे शांतता राखा! पाटी लावलीय भिंतीवर, पण वाचतंय कोण? तुम्हाला सांगतो, इथे फ्रँकफुर्टात, आमच्या बोर्नहाइमच्या थिएटरात दर नोव्हेंबरात तो जुना सिनेमा लागतो, दरवर्षी मी आईला घेऊन जातो, आणि अजून मला कळलेलं नाही, सूत्रधार कोण!

कट आहे हो त्यात, मोठा कट! खटल्याच्या आदल्या दिवशी न्यायाधीशच गायब, त्याच्याच माणसांतला कुणीतरी फितूर... आता असल्या गोष्टीत कान देऊन ऐकायला नको? पण मागून आमच्या गल्लीतल्या काल्टवासरबाई, फ्राउ काल्टवासर, ओरडतात, "अगं, तो बघ माझा हिरवा कोट!" काळ्यापांढऱ्या सिनेमात हिरवा! त्यांना गप्प बसा म्हणायला मला कुठला धीर? मी आपला लाल होऊन टोपी कुरवाळत बसतो.

त्यांचाही दोष नाही म्हणा. महायुद्धानंतर परदेशी लोक सिनेमा काढायला आले ते आमच्याच पडक्या गल्लीत. गर्दीत उभं राहील त्याला वाटाण्याचं सूप, वर डुकराच्या मांसाचा तुकडा! मग काय, अख्खी गल्ली रोज टोपी बदलून हजर. गायब होण्याआधी न्यायाधीश बर्लिनला जातो, तिथे फ्राउ काल्टवासर! हॅम्बुर्गला जातो, तिथेही फ्राउ काल्टवासर! एक वर्ष तर मला वाटलं, याच सूत्रधार!

आमचे पप्पाही आहेत त्यात. पुलावरून विटांची हातगाडी ढकलत येतात. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांना बजावलं होतं, आणि पप्पांनी नेमकं बघितलं! त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. फोटो सगळे लढाईत घराबरोबर जळालेले, त्यामुळे पप्पा काय ते त्या पुलावर. तेही दरवर्षी थोडे कमी होतात हो! फिल्म तुटली की मशीनवाले डोर्न कापून जोडतात ना. यंदा आईनं आधीच गाठलं त्यांना. "डोर्न, पूल शाबूत आहे ना?"

"फ्राउ रेट्टिग, रीळ म्हातारं झालंय. मी तरी किती ठिगळं लावू?"

झालं! माझं अर्धं लक्ष तिथेच उडालं. आणि पुलाच्या जरा आधी... खट्! अंधार! लोकांच्या शिट्ट्या, आईची नखं माझ्या मनगटात. मनात म्हटलं, गेले पप्पा...

पडदा पुन्हा उजळला. पूल! फ्राउ काल्टवासरच ओरडल्या, "गप्प रे मेल्यांनो, रेट्टिग येतोय!" आणि एरवी चुळबुळणारं ते अख्खं थिएटर चिडीचूप! तिकडे नायक ओरडतो, "म्हणजे तो तूच होतास!" ढॅण् करून वाजतं, कुणाची तरी कॉलर धरतात... आणि मागून पप्पा आले. गाडी ढकलत. सरळ आमच्याकडे बघितलं. आईनं हात जरासा वर केला, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यासारखा. गेले. श्वासभराचं काम.

बाहेर आलो, तर गल्लीत नवीनच राहायला आलेला एक जण विचारतो, "काय हो, शेवटी सूत्रधार कोण निघाला? माझ्यापुढे नेमकी एक बाई उभी राहिली."

मी म्हटलं, "चेहरा नाही बघितला बुवा... पण आमच्या पप्पांची निम्मी हातगाडी झाकली ना एका जणानं, तोच मेला सूत्रधार असणार!"