सागरचं भारी मशीन

कुठलं गेमिंग कन्सोल घेऊ म्हणतोस? मशीन बघू नको भावा, गल्ली बघ. आमच्या हुपरीतल्या गल्लीत सगळ्या पोरांकडं एकाच कंपनीचं कन्सोल होतं. एकानं गेमची सीडी आणली की घरोघर फिरायची. सागरनं तेवढं दुसऱ्या कंपनीचं घेतलं.

“तुमच्यापेक्षा भारी हाय की!” म्हणायचा.

भारी होतंच. पण आमची सीडी त्याच्यात चालायची न्हाय, त्याची आमच्यात न्हाय. हळूहळू त्याचं येणंच बंद झालं.

गेल्या महिन्यात काविळीनं गेला. रक्षाविसर्जन झाल्यावर त्याच्या वडलांनी ते मशीन माझ्यापुढं ठेवलं.

“दोन रिमोट हायत ह्याला. दुसऱ्यावर कोण खेळायचं रं, बाळा?”

दुसऱ्या रिमोटचं प्लास्टिक अजून फाडलंच नव्हतं.