साहेबाचा आवाज कुठी गेला

सांजची ऑनलाइन मीटिंग चालू, अन् लॅपटॉपचा आवाज एकदम बंद! साहेबाचं तोंड हालून राह्यलं, ऐकू काहीच नाई. मले पक्का संशय आला. कालच साफ कराले देल्ला होता, दुरुस्तीवाल्या रशीदभाईनं स्पीकरच काढून घेतले असन. फोन लावला.

“काऊन भाऊ, माह्ये स्पीकर कुठी हायेत?”

“लॅपटॉपमंदीच! ब्लूटूथ चालू हाये काय, पाहा.”

चोर असाच विषय बदलते बाप्पा! तडक त्याच्या दुकानाकडं निघालो, तं शेजारची शेवंताबाई दारात.

“भाऊ, डुकरं हाकलाले तुम्ही भाजीच्या बाडीत वाघाच्या डरकाळीचा स्पीकर ठेवला ना, त्यातून तुमचे साहेब तुम्हाले कामचोर म्हणून राह्यले.”

“बंद करतो, बाई!”

“नका करू! तुमच्या वाघाच्या डरकाळीले न भेणारे डुकरं साहेबाले भेऊन पळाले!”