चार बोटं माया

माझा जन्म पुण्यातला, बुधवार पेठेतला, आणि त्यातही शिवणाच्या मशीनखालचा म्हटलं तरी चालेल, कारण अब्बा पायडल मारायचे आणि त्या तालावर मी झोपायचे, मशीन थांबलं की रडायचे. आमची इथली ही चौथी पिढी, सगळे दर्जी, सगळे शाळेचे गणवेश शिवणारे. नाव माझं शमीम, पण ते आता रेशनकार्डावरच उरलंय, कारण आसपासच्या शाळांतल्या पोरींनी मला चाची करून टाकलं, मग त्यांच्या आया चाची म्हणायला लागल्या, आणि परवा एक आजी म्हणाल्या, चाची, जरा बटण लावून द्या. सत्तरीच्या आजी! काय सांगू तुम्हाला, मी आत जाऊन आरसा बघून आले.

अब्बांनी पहिली शिकवली ती माया. तुम्ही शिकलेली माणसं, माया म्हटलं की कुठल्या कुठे जाता. आमच्यात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोरगी जूनमध्ये माप देते, पुढच्या जूनपर्यंत किती वाढेल कुणी सांगावं, म्हणून स्कर्टला खाली चार बोटं माया ठेवायची आणि वर्षानं उसवून सोडायची. सोडली की वरचं कापड विटलेलं आणि खालची चार बोटं निळीशार दिसतात. पोरी लाजतात. मी म्हणते, लाजता कशाला गं, हवालदाराला फीत मिळते तशी ही तुमची फीत, एक वर्ष वाढल्याची.

माझ्याही नववीच्या स्कर्टला माया होती. ती कुणी सोडलीच नाही. अब्बांची नजर गेली, मशीनवर मी बसले आणि शाळा राहिली. स्कर्ट ट्रंकेत आहे अजून. ते असो. कुठे होते मी?

हां, चिठ्ठ्यांचं सांगायचं राहिलं. एकदा एक पोरगी माप देता देता रडायला लागली, म्हणे चाची, घरचे म्हणतात पुढच्या वर्षी नव्वद टक्के पाहिजेत, पण ते पडणार कसे तेच मला कळत नाही. मी म्हटलं, बाई, नव्वद टक्के हे माप नाही, ही हवा आहे. माप असं असतं का? कंबर किती, उंची किती, ते सांग. रोज किती वाजता बसणार, किती गणितं सोडवणार, कुठला धडा डोक्यावरून जातोय, तो कुणाला विचारणार, ते कागदावर लिही. तिनं लिहिलं. मी तो कागद तिच्या स्कर्टच्या मायेत घालून हातशिलाई मारली. म्हटलं, आता वर्षभर हा तुझ्या गुडघ्याला लागत राहील, पुढच्या जूनमध्ये उसवू तेव्हा बघू. आणि माया ठेव हो, एखादा दिवस चुकला तर चुकला, तेवढी जागा धर. झालं! दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या आठजणी दारात, प्रत्येकीच्या हातात घडी घातलेला कागद. वाचायचं नाही ही माझी शपथ, आणि माझा स्वभाव तुम्ही बघताच आहात, तरी ती मी कित्येक वर्षं पाळली. एकदाच मोडली.

अश्विनी नावाची पोरगी. मूळची हिंजवडीची, पण शाळेसाठी स्वारगेटला मावशीकडे राहायची. दहावीला होती, हुशार, म्हणजे मी टेपनं माप घ्यायच्या आधी ही डोळ्यांनी बघून सांगायची, चाची, बावीस, आणि बावीसच निघायचं. जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली आणि ही आली, स्कर्ट बसच्या पायरीत अडकून टरकलेला. माझी ओढणी गुंडाळून स्टुलावर बसली. मी स्कर्ट उलटा केला, तर माया अर्धी उसवलेली आणि चिठ्ठी माझ्या मांडीवर पडली, ती पडली तीच उघडी. आता उघड्या चिठ्ठीला काय शपथ?

लिहिलं होतं, यंदा नापास व्हायचं. गणित आणि इंग्रजी. दोन्हीत चौतीस.

अहो, माझ्या हातातली सुई कुठे गेली ते मला संध्याकाळी कळलं, पायात घुसली तेव्हा. मी म्हटलं, अगं ए, हे काय लिहिलंस? तर ती मान ताठ करून म्हणते कशी, पडले चाची, दोन्हीत बरोबर चौतीस. पस्तीसला पास. चौतीस! तुम्ही म्हणाल, नापास काय कुणीही होतं. पण एका मार्कानं नापास, तेही दोन विषयांत, त्याला आख्खं पुस्तक यावं लागतं हो, कुठलं गणित किती मार्कांचं आणि कुठल्या पायरीवर चुकलं की किती जातील, सगळं! रोज पहाटे उठून ही पोरगी नापास व्हायचा अभ्यास करत होती. माझीच पद्धत. माझंच माप.

का गं पण? तर म्हणाली, ताई दहावीला पहिली आली, पेढे आणले, आणि त्याच पेढ्यांवर तिची सुपारी फुटली. आमच्याकडे दहावी झाली की बास. माझंही स्थळ ठरत आलंय, त्यांना दहावी पास मुलगी पाहिजे. मग पासच नाही झाले तर? वर म्हणाली, चाची, कुणाला सांगायचं नाही, शपथ.

आठ दिवसांनी तिचे आईवडील आले. वडील गाडी भर चौकात लावून उतरले, मागे हॉर्नचा धुमाकूळ, आणि आमच्या पेठेतले एक आजोबा त्यांना विचारत होते, गाडी नुसती ठेवताय की सातबाऱ्यावर नावही लावताय? वडिलांनी ऐकलं नाही. ब्लाउजचं कापड टेबलावर टाकलं, मोरपंखी, साखरपुड्याचं. म्हणाले, जुन्या मापावर शिवा. दोन विषय ऱ्हायलेत, पर मार्चात निघत्याल. आणि बसल्या बसल्या तक्रार सुरू, की आमच्या रानात कंपनी झाली, आता गेटवरचा पोरगा आम्हालाच पास मागतोय, माझ्याच बांधावर! मग मला म्हणाले, अंगाबरोबर शिवा, माया-बिया काय नको. पोरगी आता काय वाढायची हाय?

मला काय झालं मला माहीत नाही. गल्ल्याच्या डब्याखाली ठेवलेली तिची चिठ्ठी काढली आणि त्यांच्या हातात दिली. ओठ हलवत वाचली त्यांनी. ही कुणाची? मी म्हटलं, लेकीचं अक्षर ओळखत नाही तुम्ही? आणि चौतीसचं सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडाचा जो आ झाला तो मिटेना. म्हंजी, म्हणाले, माझी पोरगी मुद्दाम नापास व्हतीया? मी म्हटलं, दादा, तुमच्या रानात तुम्हाला आत सोडत नाहीत, हिला सोडतील, पण त्या गेटला दहावीचा कागद पुरत नाही.

तिची आई मागे पदर धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, थोरलीनंबी असंच करायला पायजे हुतं.

वडील उठले आणि कापड टेबलावरच ठेवून गेले.

ते मोरपंखी कापड न्यायला कुणी आलं नाही, आणि अश्विनीही येईना. समोरून जायची, मान फिरवून. मार्च गेला, एप्रिल गेला, आणि मशीनवर माझी टीप तिरकी जायची, कारण मी शपथ मोडलेली, आणि पोरीनं रागानं सगळाच पेपर कोरा दिला असला तर? जूनमध्ये निकाल लागला त्या दुपारी ती दारात, हातात कॉलेजच्या गणवेशाचं कापड. गणितात किती, ते मी सांगणार नाही, तुम्हाला खोटं वाटेल. चौतीस नव्हते एवढंच. मी मिठी मारायला उठले तर मागे सरकली. म्हणाली, चाची, शपथ मोडलीत तुम्ही. मी म्हटलं, मोडली. म्हणाली, चिठ्ठी नाही देणार आता कधी. मग टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाली, माया मात्र ठेवा.

आता ती हिंजवडीतच कंपनीत जाते. वडिलांच्या रानावरच्या नाही हो, तसं गोष्टीत होतं, रस्त्यापलीकडच्या. वडील कधी डबा घेऊन गेटवर जातात, आत अजून सोडत नाहीत, पण बसायला खुर्ची देतात म्हणे. माझ्याकडे गणवेश फारसे येत नाहीत, सगळं तयार मिळतं, आणि त्या तयार कपड्यांत माया बोटभरही नसते.

गेल्या रविवारी अश्विनी आली, ट्रंक उघडायला लावली, माझा नववीचा स्कर्ट काढला आणि न विचारता माया उसवली. चार बोटं, निळीशार, जशी अब्बांनी दुमडली तशी. मग एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, लिहा, रोज किती वाजता अभ्यासाला बसणार. मी म्हटलं, पंचावन्न वय माझं! तर म्हणते, म्हणूनच माया ठेवलीय.

सगळ्या पोरींचं भलं होवो, पास-नापास दोन्हींचं. तो कागद अजून कोराच आहे. आता तुम्ही उठलात की लिहिते. नाहीतर आत्ताच लिहिते, द्या ते पेन. आणि तिकडे बघा. वाचायचं नाही, शपथ आहे.