लसणाचा साबण

हॅलो?…

हो, हो, बोल… नाही गं, आई नाही, मी ताई बोलतेय. फोन तिचाच, पण ती फळीवर विसरून गेली. दोघं कालव्याकडे गेलीत, तुती वेचायला… हो, बाबासुद्धा… आपलेच बाबा. हसतेस काय?

थांब हं मने, जरा गॅस बारीक करू दे… मेण वितळत ठेवलंय, मलमासाठी… आपल्याच पेटीतलं, मधमाश्यांचं. आई बजावून गेलीय, ढवळणं थांबवायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. तू बोल, माझा एक हात मोकळा आहे… बाळ झोपलं?… आत्ताच? मग हळू बोल की. एवढ्या मुश्किलीनं झोपवायचं आणि लगेच माझ्या कानात ओरडायचं.

पार्सल मिळालं?… मग?… जाम बोटानंच खाल्लास ना? मला माहीतच होतं… अर्धी बरणी? अगं पोळीबिळी घ्यावी माणसानं… हं… आणि मलम लावलंस टाचांना? बरं वाटलं ना?… हं… आणि?

काय?

पुन्हा सांग. साबणाला कसला वास येतोय?

लसणाचा.

नाही गं, मी कुठे हसतेय, मेणाकडे बघतेय… सांग ना पुढे… जावईबापू अंघोळ करून ऑफिसला गेले? सगळ्या अंगाला लावून?… आणि लिफ्टमध्ये?… थांब, थांब, मला जरा स्टुलावर बसू दे… साहेबांनी खिडकी उघडली?… अगं, हसू नको तर काय करू, तूच सांगतेस अशी…

बाळाला नाही ना लावलास?… बरं झालं. तसं काही झालं नसतं म्हणा. पण बरं झालं.

नाही, मुद्दाम कशाला घालेल आई?… तो रानलसणीचा पाला असणार. कालव्याच्या काठाला पुदिन्याला लागूनच उगवते ती. दोन्ही वाळवून चुरून बरण्यांत भरलं की दिसायला सारखंच, हिरवट करडा चुरा. झाकण उघडून हुंगलं तरच… हो… हो, कुणालाही कळेल. आणि आईला तर… हो ना…

मने, ऐक ना…

नाही, काही नाही. तू काय म्हणत होतीस?… हं… असं कशाला म्हणतेस?… अगं, कोंबड्या खुडूक बसल्या होत्या म्हणून आई नाही आली तुझ्याकडे… हो, त्याच्या आधी मधमाश्यांचं कारण होतं. त्याच्याही आधी गुडघा… कबूल. गुडघा ठणठणीत आहे, रोज कालव्यापर्यंत चालत जाते… मने… अगं मने, रडू नकोस, ते उठेल… तिला यायचंच नाही, असं कसं असेल?… शेजारीण विचारते, आई का आली नाही, तर विचारू दे. तिला म्हणावं, आमची आई, आम्ही बघून घेऊ.

ऐक. मी सांगते तुला. पण आईनं मला तंबी दिलीय, धाकटीला कळता कामा नये म्हणून. तू ओली बाळंतीण, उगीच घोर लावून घेशील. तेव्हा तुला काही माहीत नाही, असंच दाखवायचं. कबूल?… आधी कबूल म्हण… हं.

आईचं नाक गेलंय.

अगं, नाक आहे जागेवर, वास गेलाय. वास येत नाही तिला… कसलाच नाही. फुलाचा नाही, फिनाइलचा नाही… थंडीत ताप आला होता बघ. तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. ही कुणाला बोलली नाही. सर्दी आहे, जाईल, असं म्हणत राहिली. हा साबण केला तो त्याच दिवसांत. कडक व्हायला महिना-सव्वा महिना ठेवावा लागतो ना, तो कागदात गुंडाळून कपाटात पडून होता. परवा तिनं उचलला आणि घातला पार्सलमध्ये. मीही नाही हुंगून बघितला, बाबांनीही नाही.

कळलं कसं म्हणजे… जामामुळे. या वर्षीची पहिली तुती होती. मी कामावरून येत होते, तर गल्लीच्या तोंडाशीच करपल्याचा वास. म्हटलं, कुणाचं तरी काहीतरी लागलंय. फाटक उघडते तर आपल्याच खिडकीतून धूर. पळत आत गेले. आणि आई कुठे असेल? बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसलेली. मधलं दार लोटून घेतलेलं, कोंबड्या आत येतात म्हणून. मला बघून म्हणते, "आज लवकर आलीस? चहा ठेवू?" अगं, डोळ्यांतून पाणी येईल एवढा वास, आणि ही विचारतेय चहा ठेवू का.

हो… पातेल्याचा कोळसा झाला होता. पितळेचं नाही गं, ते मोठं स्टीलचं. मी बोलले तिला, लक्ष कुठे असतं तुझं वगैरे. ती काही उलटून बोलली नाही. म्हणजे बघ, आपली आई, आणि उलटून बोलली नाही. नुसती पातेल्यावर वाकली, पार नाक टेकवलं त्याला, काजळी लागली शेंड्याला, आणि म्हणाली, "मला काही कळलंच नाही गं."

हं… हो ना… मलाही तसंच झालं.

दाखवलं ना, डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, येईलही, नाही येणार असंही होईल, वाट बघायची. ते वाट बघायची म्हणाले आणि आईनं घरी येऊन आवराआवर काढली. साबणाचे साचे धुऊन पोत्यात. बरण्या उपड्या. दूधवाल्याला सांगून आली, मधाची पेटी घेऊन जा म्हणून. मी म्हटलं, अगं पण का? तर म्हणे, "जिला करपलेलं कळत नाही, तिनं दुसऱ्याच्या ताटात वाढू नये." आणि मग दोन दिवस नुसती पायरीवर बसून होती. चुलीपाशी नाही, झाडांपाशी नाही. आईला मी कधी रिकाम्या हातांनी बसलेलं बघितलं नव्हतं, मने. मला तर घरात पाऊल टाकवेना.

बाबा?… सांगते ना, बाबांचंच सांगायचंय. दूधवाला पेटी न्यायला आला, तर बाबा फाटकात आडवे. पान्हा होता हातात, कुठल्यातरी पंपाचं काम काढलं होतं अंगणात. म्हणाले, "पेटी द्यायची नाहीये." तो म्हणाला, वहिनींनी सांगितलं. तर म्हणे, "वहिनींना मी सांगतो." आणि आत येऊन आईला म्हणाले… अगं मी समोर होते म्हणून खरं वाटतंय… म्हणाले, "तुला वासच पाहिजे ना? वास मी घेतो. काय करायचं ते तू सांग."

हो. बाबा. ज्यांनी जन्मात स्वयंपाकघरात नाक खुपसलं नाही, त्यांना आता दिवसभर तेच काम.

छे गं, सुरुवातीला कसलं जमतंय. आई चमचा पुढे करायची, "सांगा, कसा येतोय?" तर म्हणायचे, "बरा." बरा म्हणजे कसा? "बरा म्हणजे बरा." पुदिना बरा, मध बरा, मेण बरं. आई इतकी चिडायची. म्हणाली, एवढी वर्षं माझं जेवलात, ते काय नाक दाबून जेवलात? भांडण व्हायचं रोज. पण काय सांगू, ती भांडायला लागली तेव्हाच माझ्या जिवात जीव आला.

मग एक दिवस दुसऱ्या खेपेचा जाम चुलीवर होता. बाबा वाकून हुंगत उभे. आणि एकदम म्हणाले, "पंपाची कॉइल जळायच्या जरा आधी तापते ना, तसा येतोय." आईनं विचारलंसुद्धा नाही काही, झटकन पातेलं खाली घेतलं. नेमकं तेव्हाच उतरवायला हवं होतं. तोच जाम तू बोटानं चाटून खाल्लास.

हो ना… तेव्हापासून तोच धडा. बाबांच्या वासांचा सगळा साठा पंपदुरुस्तीच्या दुकानातला आणि विहिरींतला, आणि आईनं तोच पाठ करून टाकलाय. मध चांगला असला की, उन्हात ठेवलेला लाकडी खोका. अळंबी ताजी असली की, विहिरीत उतरताना चौथी-पाचवी पायरी. शिळी असली की, वायसरचं जुनं रबर. आई म्हणते, रबर? मग टाका कोंबड्यांना. पुदिन्याला काय म्हणतात, ते तर… काय बरं… हां, थंडीत पान्हा दातात धरल्यासारखं. आता तू सांग, हे कुणाला सुचेल?

रडतेस की हसतेस?… दोन्ही? बरं.

हो, तेच सांगतेय, तुझ्याकडे का येत नाही ते. मी विचारलं ना तिला, दोनदा विचारलं. आधी म्हणाली, दूध उतू गेलं, गॅस उघडा राहिला, तर मला कळायचं नाही. लेकीकडे मदतीला जायचं, का तिला आणखी एक मूल सांभाळायला द्यायचं? मी म्हटलं, हे काही खरं कारण नाही. ती साचे पुसत होती. मग म्हणाली, "तुम्हा दोघींना मी अंधारात नुसत्या वासानं ओळखायचे, कोण कुठली ते. नातवाला मांडीवर घेतलं आणि काहीच आलं नाही, तर तो मला परक्याचा वाटेल." असं म्हणाली… हो… भीती वाटते गं तिला. बाकी काही नाही.

मने?… आहेस ना?… हं.

फाटक वाजलं बघ, आले वाटतं. हे बघ, लक्षात आहे ना, तुला काही माहीत नाही. साबण छान झालाय, पुदिन्याचा आहे… छान म्हण ना नुसतं, काय जातं तुझं?… अगं, खोटं आहे मलाही कळतंय. आत्ता कुठे ती पुन्हा उभी राहिलीय. एवढं कर माझ्यासाठी… मने, ऐक…

आई, मनीचा फोन… हो, मिळालं पार्सल… ढवळतेय गं, कुठे थांबलेय? बाबा, ती टोपली इकडे द्या, शर्ट बघा केवढा जांभळा केलाय… घे, आई, तूच बोल.

हॅलो?… हो गं, मीच, आई. हात तुतीनं भरलेत, फोन दोन बोटांत धरलाय, पडला तर समजून घे… बाळ कसंय?… पोटभर पितो ना?… हं. आणि तू जेवतेस ना?… जाम म्हणजे जेवण नव्हे.

साबण कसा झालाय?

का गं, गप्प का झालीस?… हॅलो?

कसला?

लसणाचा.

नाही, नाही, बोल, ऐकतेय मी… आई गं… जावयांनी अंगाला लावला?… थांब जरा. अहो, ती म्हणते साबणाला लसणाचा वास येतोय… तुझे बाबा म्हणतात, तो त्यांच्या आधीचा माल, त्यांच्याकडे तक्रार नको.

नाही गं, वाईट कशाला वाटेल?… आणि ही तुझी ताई बघ, चमचा धरून पुतळ्यासारखी उभी आहे. सांगितलं ना हिनं तुला सगळं?… वाटलंच. हिच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही… असू दे. बरं केलंस, खरं सांगितलंस ते. इथे जो तो मला नुसतं छान म्हणून सांगतो. शिलाईवाल्या मावशीला त्यातलीच वडी दिली होती, तीही छान म्हणाली. वापरत असेल बिचारी रोज. आता तिच्याकडे जाऊन काय सांगू?

हं… हं… हो, ते खरंय… ताईनं तेही सांगितलं?… नाही, परका कसा असेल. तसं नव्हतं म्हणायचं मला… घाबरते गं मी जरा… हं… स्वयंपाक नको, मदत नको, मग येऊन करू काय?… नुसती बसू? मला नुसतं बसता येतं का?…

उठला वाटतं. आवाज येतोय… घेतलास?

मने, एक सांगशील? जरा वाक त्याच्यावर. डोक्यापाशी, टाळूच्या तिथे. कसा येतोय वास?… छान नको म्हणूस. तुझ्या बाबांनाही मी छान म्हणू देत नाही. नीट सांग, मला कळेल असं.

हं… आंबट… दुधाचा, बरोबर… मानेच्या वळीत साचतं ते, कोमट पाण्यानं हळूच पुसायचं, घासायचं नाही… हं. आणि टाळूचा?… इस्त्रीखालून काढलेल्या कापडाचा… ओल्या का कोरड्या?… जरा ओल्या. हं… हं… तू तशीच होतीस. अगदी तशीच… नाही, बोलत राहा तू… आणि हाताचा? मूठ उघड त्याची… हं…

काही नाही झालं, हात भरलेत ना, डोळे पुसता येत नाहीत. सांग तू… हं…

हॅलो?… हॅलो? मने?…

गेली लाइन.

अहो… ऐकलंत का? कपाटावरची बॅग काढा. ती नको, मोठी काढा. दोघांचे कपडे बसायला हवेत.