सरांची एका ओळीची सिद्धता

आमच्या विभागप्रमुख सरांचं नाव काढू नका, चहा कडू लागतो मला.

बारामतीच्या आमच्या कॉलेजात गणिताच्या सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर आलंय. ‘ई’चा ‘आय गुणिले पाय’ घात म्हणजे उणे एक, एवढं दाखवायचं, तरी ‘ई’ कोण, ‘आय’ कोण, सगळं तुकड्यातुकड्यानं जोडून त्याला पटवावं लागतं. माझी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. अन् सरांनी भर वर्गात ते सगळं पुसलं! वर एकच ओळ टाकली, ‘हे खरं मान’. ‘ई’, ‘आय’ कोण, काही सांगितलंच न्हाय, म्हंजे कुठलीही संख्या चालंल. लगेच हिरवी खूण आली.

“बघा मॅडम, झालं सिद्ध! उगं घोळ घालत बसता.”

माझं डोकंच फिरलं. “सर, ही काय साखर कारखान्याची सभा हाय व्हय, विषय वाचायच्या आधी मंजूर म्हणायला?”

“मशीन हो म्हणतंय ना? मग तुमी कोण?”

मी कीबोर्ड ओढला. त्यांचीच ओळ ठेवली अन् ‘आय’च्या जागी शून्य घातलं. शून्य घात म्हटल्यावर डावीकडं एक उरला, उजवीकडं उणे एक होताच. एक बरोबर उणे एक. हिरवी खूण!

“हे कसं शक्य हाय?” सर किंचाळले.

वर्गात निम्मी पोरं कळस-शेळगावची, ऊसवाल्या सभासदांच्या घरची. बाकं बडवत सगळी एकसुरात ओरडली, “मंजूर! मंजूर!”